कोमट पाण्याचें निदान

घरांत ऊन पाणी येत नाहीं अशी तक्रार महाराष्ट्रांत उठली, तर तिचें मूळ शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. बंब असेल तर त्यांतील निखारे विझले असतील. विजेचा गीझर असेल तर वीज गेली असेल किंवा आंतील तापणारी कांडी जळाली असेल. जाळ कोठें आहे, पाणी कोठें आहे आणि दोहोंची गांठ कोठें पडते, हें घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु अलीकडे इकडील पुष्कळ वडील माणसें मुलाकडे अथवा मुलीकडे अमेरिकेंत चार-सहा महिने राहावयास जातात. त्या देशाच्या ईशान्य भागांतील एखाद्या गांवीं, बाहेर गुडघाभर बर्फ पडलेलें असतांना, तीं स्नानगृहांत जाऊन नळ सोडतात, आणि पाणी ना थंड ना कढत, असें कोमट येतें. तेथें जाळ दृष्टीस पडत नाहीं. भिंतीवर गीझर नाहीं. मुलगा सांगतो, "तळघरांत तेलाचा बॉयलर आहे, कारागिराला फोन केला आहे, तो सोमवारीं येईल." आणि तो दिवस असतो गुरुवार.

मधल्या चार दिवसांत काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, हें त्या घरांत बहुधा कोणासच माहीत नसतें. माणसें हुशार असतात, परंतु हें यंत्र त्यांच्या बाळपणांतलें नव्हे. तेव्हां तें कसें चालतें हें प्रथम थोडें सविस्तर पाहिलें पाहिजे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तेल जाळून घर तापविणारीं कुटुंबें सुमारें ५० लाख आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व न्यू इंग्लंड, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया अशा ईशान्येकडील संस्थानांत आहेत. मेन संस्थानांत तर निम्म्याहून अधिक घरें याच इंधनावर तापतात. तेथील जुन्या घरांच्या तळघरांत पूर्वीं दगडी कोळशाच्या भट्ट्या असत. पुढें कोळसा गेला आणि त्याच्या जागीं तेल आलें. शहरांत गॅसचे नळ पोंचले, पण खेड्यापाड्यांत आणि डोंगराळ भागांत ते पोंचले नाहींत, म्हणून तेथें तेल टिकून राहिलें. हें तेल म्हणजे डिझेलचाच सख्खा भाऊ. त्यावर मोटारींच्या इंधनाचा कर नसतो, म्हणून तें कोणी मोटारींत घालूं नये यासाठीं त्यांत तांबडा रंग मिसळलेला असतो. तेलाची गाडी दाराशीं येते आणि लांब नळीनें तळघरांतील टांकी भरून जाते. सामान्य घरांतील टांकी २७५ गॅलनची, म्हणजे सुमारें १,०४० लिटरची असते.

टांकींतून तेल एका गाळणीवाटे बर्नरकडे येतें. बर्नरमधील लहानसा पंप त्यास दर चौरस इंचास १०० पौंड किंवा त्याहून अधिक दाब देतो, आणि तें अत्यंत बारीक छिद्राच्या तोटींतून धुक्यासारखें फवारलें जातें. या तोटीस तेथें नॉझल म्हणतात. तेल पातळ धारेनें ओतलें तर तें काडीनेंही धड पेटत नाहीं. धुकें झालें म्हणजे क्षणांत पेटतें. पेटविण्यासाठीं सुमारें १०,००० व्होल्टची ठिणगी दोन टोंकांमध्यें उडत असते, आणि पंखा मोजकी हवा आंत लोटतो. ज्योत लागली कीं नाहीं हें पाहण्यास एक प्रकाश ओळखणारा डोळा बसविलेला असतो. त्याला कांहीं सेकंदांत उजेड दिसला नाहीं, तर तो तेल बंद करून सर्व यंत्र थांबवितो, आणि मग कोणी तांबडें बटण दाबल्यावांचून तें पुन्हां चालत नाहीं. हें तांबडें बटण पुढें पुन्हां यावयाचें आहे.

ज्योतीभोंवतीं ओतीव लोखंडाचा किंवा पोलादाचा बॉयलर असतो आणि त्यांत पाणी असतें. पण हें पाणी स्नानाचें नव्हे. तें बंदिस्त असून पंपाच्या योगें घरभर खोल्याखोल्यांतील तापकांमधून फिरतें आणि पुन्हां बॉयलरांत येतें. स्नानाचें पाणी त्यांत कधींच मिसळत नाहीं. ज्या घरांत वेगळी उष्ण पाण्याची टांकी नाहीं, तेथें बॉयलरच्या पाण्यांत तांब्याच्या नळीचें एक वेटोळें बुडविलेलें असतें. नगरपालिकेचें अथवा विहिरीचें थंड पाणी या वेटोळ्याच्या एका तोंडानें शिरतें आणि भोंवतालच्या कढत पाण्याची ऊब घेऊन दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतें. आधणांत तांब्या बुडवून त्यांतील दूध ऊन करावें, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें दूध वाहतें आहे आणि तें आंत थोडाच वेळ थांबतें.

याला जोडून आणखी दोन वस्तु असतात, आणि कोमट पाण्याची अर्धीअधिक कहाणी या दोहोंतच दडलेली असते. पहिली, बॉयलरवरील नियंत्रक पेटी. तिला अ‍ॅक्वास्टॅट म्हणतात. ती बॉयलरांतील पाण्याची उष्णता पाहून ज्योत पेटविते आणि विझविते. वेटोळ्याच्या बॉयलरावर तिला दोन मुख्य आंकडे लावलेले असतात. वरचा आंकडा बहुधा १८० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८२ अंश सेल्सियस; पाणी त्यापलीकडे तापावयाचें नाहीं. खालचा आंकडा पुष्कळदां १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियसच्या आसपास. घरास ऊब नको असली तरी पाणी याच्या फार खालीं उतरूं द्यावयाचें नाहीं, कारण कोणी केव्हांही नळ सोडील. खालच्या आंकड्याचें आणखी एक काम आहे व तें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. बॉयलर या आंकड्याच्या खालीं घसरला, तर पेटी खोल्यांकडे पाणी नेणारा पंप कांहीं वेळ अडवून धरते, म्हणजे बॉयलर सांवरतो आणि स्नान करणाऱ्याच्या तोंडची ऊब घर पळवीत नाहीं.

दुसरी वस्तु म्हणजे मिश्रण-झडप. वेटोळ्यांतून निघणारें पाणी पुष्कळदां अंगास चटका देईल इतकें कढत असतें. त्यांत थंड पाणी घालून तें सुमारें ४९ अंश सेल्सियसवर आणण्याचें काम ही झडप करते. मराठी घरांत घंगाळांत विसण घालतात, तेंच विसण ही झडप अखंड घालीत असते.

कांहीं घरांत वेटोळ्याऐवजीं शेजारीं निराळी टांकी असते आणि बॉयलरचें पाणी तिच्या पोटांतील नळीमधून फिरून ती तापवितें. क्वचित् स्वतंत्र तेल जाळणारी टांकीही असते. त्यांचे दोष थोडे वेगळे आहेत. त्यांचा विचार ओघानें येईल.

आतां थोडा हिशेब. हा हिशेब केल्यावांचून दोष कोणता आणि मर्यादा कोणती हें कळत नाहीं, आणि मर्यादेस दोष समजून हजारों डॉलर खर्चणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. १ लिटर पाणी १ अंश सेल्सियसनें तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. अमेरिकेंतील स्नानाच्या फवाऱ्यांतून मिनिटास अधिकांत अधिक अडीच गॅलन, म्हणजे सुमारें साडेनऊ लिटर पाणी यावें, असा तेथील नियम आहे. न्यू इंग्लंडमध्यें ऐन थंडींत जमिनीखालील नळाचें पाणी ४ अंशांच्या आसपास येतें. तें ४१ अंशांवर न्यावयाचें म्हणजे ३७ अंशांची वाढ. साडेनऊ लिटरांस मिनिटाला सुमारें ३५० किलोकॅलरी, तासाच्या मानानें २१,०००. इकडे बॉयलरची मिळकत पाहूं जातां, तासास ०.८५ गॅलनची नॉझल म्हणजे ३.२ लिटर तेल. एका लिटरामागें सुमारें ९,२०० किलोकॅलरी. त्यांतील शेंकडा १५ धुराड्यावाटे गेल्या असें धरलें तर हातीं येतात त्या तासाला अवघ्या २५,०००. म्हणजे थंडींत एका माणसाच्या स्नानास जवळजवळ सबंध बॉयलर लागतो! दुसऱ्या स्नानगृहांत त्याच वेळीं कोणी नळ सोडला, किंवा कपड्यांचें यंत्र ऊन पाणी ओढूं लागलें, तर दोघांस कोमट मिळणें हें त्रैराशिकानेंच ठरलेलें आहे. हेंच नळाचें पाणी उन्हाळ्यांत २० अंशांचें येतें, आणि तेव्हां मागणी तासास १२,०००वर उतरते. ज्या घरांत जुलैंत सर्व ठीक असतें आणि जानेवारींत तक्रार उठते, तेथें यंत्र बिघडलेंच असेल असें नाहीं. पाणी अधिक थंड आलें आहे इतकेंच.

हें ध्यानांत घेऊन एका घराची कल्पना करावी. मॅसॅच्युसेट्समधील एक लहान गांव. लांकडी घर, तळघरांत वेटोळ्याचा बॉयलर. नवराबायको आणि दीड वर्षाची मुलगी असें कुटुंब. डिसेंबरांत साताऱ्याहून आईवडील आलेले. मुलगा संगणकाच्या कामांत निष्णात, पण तळघरांत उतरण्याचा प्रसंग त्यास वर्षांतून दोनदांच. माणसें तीनांचीं पांच झालीं, आणि महिन्याभरानें सकाळचें पाणी कोमट येऊं लागलें.

पहिल्याच दिवशीं एक विनोद झाला, पण तो उपयोगी आहे. त्या दिवशीं पाणी कोमट येतां येतां दुपारपर्यंत अगदीं थंडगार झालें आणि घरही गारठलें. सर्वांनीं बॉयलरास दोष दिला. वास्तविक तळघराच्या जिन्याच्या तोंडाशीं तांबड्या पट्टीचें एक बटण असतें. आग लागली किंवा यंत्र बिघडलें तर वरूनच तें बंद करतां यावें, यासाठीं ही योजना. आईंनीं रात्रीं तळघरांतून वर येतांना काटकसरीच्या जुन्या संवयीनें दिसेल तें बटण बंद केलें होतें. "अहो, मला वाटलं दिवाच आहे तो," असें त्या म्हणाल्या. बॉयलरांत साठलेली ऊब सकाळपर्यंत पुरली, म्हणून पाणी आधीं कोमट आणि मग थंड झालें. कारागीर बोलाविल्यावर या एका बटणासाठीं भेटीचे पैसे मोजणारीं घरें तेथें थोडीं नाहींत. म्हणून घर आणि पाणी दोन्ही थंड असतील तर प्रथम हें बटण, मग विजेच्या फलकावरील खटका, मग तेलाच्या टांकीवरील कांटा, या क्रमानें पाहावें. तेल संपलेलें असणें ही गोष्टही वाटते तितकी दुर्मिळ नाहीं.

बटण लागलें, घर उबदार झालें. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी पुन्हां कोमटच. आतां प्रश्न खरा. घर तापतें आहे, म्हणजे तेल आहे, ठिणगी आहे, ज्योत आहे. दोष ज्योतीच्या अलीकडे, नळाच्या बाजूस शोधावयाचा. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या झडपेची कळ थोडी वर फिरवतो, म्हणजे झालं." बाबांनीं त्यास थांबविलें आणि स्वयंपाकघरांतील तापमापक मागितला.

हें तापमापकाचें पाऊल फार महत्त्वाचें आहे, कारण हात ही गोष्ट उष्णतेचा मोठा खोटा साक्षीदार आहे. एक हात गार पाण्यांत व एक ऊन पाण्यांत ठेवून मग दोन्ही एकाच कोमट पाण्यांत बुडविले, तर एकास तें ऊन लागतें आणि दुसऱ्यास गार. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हें नमूद केलेलें आहे. बर्फांतून आलेल्या सुनेस जें पाणी ठीक वाटतें तेंच पांघरुणांतून उठलेल्या सासऱ्यास गार लागतें, आणि घरांत उगाच वाद होतो. पेल्यांत पाणी धरून आंकडा वहींत लिहावा. नळाचें नांव आणि वेळ शेजारीं लिहावी. दोन दिवसांची अशी वही कारागिराचा अर्धा तास वांचविते.

पहिला प्रश्न असा: पाणी सर्व नळांना कोमट आहे कीं एकाच? एकाच नळास असेल तर तळघराकडे पाहूंही नये. आजकालच्या एका दांडीच्या नळांत थंड व ऊन पाणी आंतल्या एका फिरत्या गोळ्याशीं मिळतें. तो झिजला म्हणजे थंड पाणी उन्हाच्या वाटेनें घुसतें. फवाऱ्याच्या नळांत तर कोणी एकदम चटका खाऊं नये म्हणून कळीस आंतून एक अडसर घातलेला असतो. तो फार अलीकडे बसविला असेल तर कळ पूर्ण फिरविली तरी पाणी कोमटच राहतें.

येथें एक फसवी गोष्ट सांगावयास हवी. एका नळांतील असा दोष कधीं कधीं साऱ्या घराचें पाणी कोमट करतो, कारण तेथून थंड पाणी ऊन नळींत शिरून इतरत्र पसरतें. त्याची परीक्षा सोपी आहे. पाणी तापविणाऱ्या यंत्राकडे जाणारा थंड नळ बंद करावा आणि कोणताही ऊन नळ सोडावा. नळींतील राहिलेलें पाणी ओघळून धार थांबली तर ठीक. धार चालूच राहिली तर थंड पाणी दुसऱ्या कोठून तरी ऊन नळींत येत आहे हें निश्चित झालें. हाताच्या फवाऱ्यास टोंकाशीं बंद करण्याची कळ असते. ती लावून ठेवून मुख्य नळ उघडाच सोडण्याची संवय ज्या घरांत आहे, तेथें हा प्रकार विशेष आढळतो.

साताऱ्याच्या बाबांनीं ही परीक्षा केली; धार थांबली. सर्व नळ सारखेच कोमट होते. म्हणून दुसरा प्रश्न: पाणी आरंभापासूनच कोमट येतें, कीं आधीं चांगलें येऊन मग पडतें? आणि धार बारीक केली तर तें अधिक तापतें काय? वेटोळ्याच्या बाबतींत हा बारीक धारेचा प्रश्न म्हणजे वैद्याचें नाडी पाहणें होय. धार बारीक केल्यानें पाणी वेटोळ्यांत अधिक वेळ राहतें. तेवढ्यानें तें चांगलें कढत झालें, तर बॉयलरांत ऊब आहे पण ती पाण्यापर्यंत पुरेशी पोंचत नाहीं. वेटोळ्याच्या आंत क्षारांचा थर बसला असण्याचा संभव मोठा. विहिरीचें जड पाणी असलेल्या घरीं हें हमखास होतें. भातासाठीं रोज पाणी उकळणाऱ्या पातेल्याच्या तळाशीं जो पांढरा खरबरीत थर दिसतो तोच येथेंही. तो ऊब अडवितो आणि नळीही अरुंद करतो, म्हणून बहुधा ऊन नळाची धारही पूर्वींपेक्षां मंद झालेली असते. कारागीर सौम्य आम्ल फिरवून तो थर काढतो, आणि थर फार जुना असला तर वेटोळेंच बदलतो. सबंध बॉयलर बदलण्याचें कारण नसतें.

धार बारीक करूनही पाणी कोमटच राहिलें, तर दोन शक्यता उरतात: मिश्रण-झडप फाजील विसण घालीत आहे, किंवा बॉयलरच थंड आहे. यांचा निवाडा तळघरांत होतो. ऊन नळ सोडून ठेवून वेटोळ्यांतून निघणारी नळी झडपेच्या अलीकडे व पलीकडे तपासावी. तांब्याची नळी मुठींत धरूं नये, चटका बसेल. लांबूनच उष्णता दाखविणारें साधन असल्यास उत्तम, नाहींतर बोट क्षणभर टेकवावें. अलीकडची नळी पोळते आणि पलीकडची कोमट आहे, तर झडप अडकली. दोन्ही कोमट असतील तर झडप निर्दोष आहे. आणि अशा वेळीं झडपेची कळ फिरविणें म्हणजे दुधांत पाणी घालणाऱ्या गवळ्यास सोडून गाईस मारण्यासारखें आहे.

या घरीं दोन्ही नळ्या कोमट होत्या. बॉयलरवरील कांटा पाहिला तों १२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ५२ अंश सेल्सियस. वेटोळ्याचे भोंवतीं पाणीच इतकें मंद असेल तर आंतून वाहणारें पाणी चाळीशीच्या वर कोठून जाणार? बाबांच्या वहींत आणखी एक गोष्ट दिसत होती. दुपारीं तीन वाजतां पाणी ४६ अंश आलें होतें. सकाळीं सात वाजतां ३६. सात वाजतां काय घडतें? रात्रीं घराची ऊब कमी ठेवून पहाटे साडेसहाला ती आपोआप वाढावी, अशी योजना मुलानें भिंतीवरील यंत्रांत केलेली होती. म्हणजे ज्या घटकेस घर आपली सगळी थंडी बॉयलरावर लोटीत होतें, त्याच घटकेस तीन माणसें एकामागून एक स्नानास जात होतीं. नियंत्रकाच्या खालच्या आंकड्यानें अशा वेळीं पंप अडवून स्नानाच्या पाण्याचें रक्षण करावयाचें; पण तें होत नव्हतें. निदान इथवर आलें आणि थांबलें, कारण नियंत्रकाच्या पेटींत विजेच्या जिवंत तारा असतात, आणि ती उघडणें हें घरच्या माणसाचें काम नव्हे.

जेथें निराळी टांकी आहे तेथें प्रश्न थोडे बदलतात. बॉयलरकडून टांकीकडे जाणारी नळी गार असेल तर टांकीचा पंप किंवा झडप चालत नाहीं, अथवा नळींत हवा अडकली आहे. स्वतंत्र तापणाऱ्या टांकींत थंड पाणी तळाशीं नेणारी एक नळी असते. ती तुटली तर थंड पाणी वरच्या वर ऊन पाण्यांत मिसळून पांच मिनिटांत सर्व कोमट होतें. १९९०च्या दशकांत अमेरिकेंत तयार झालेल्या कित्येक टांक्यांमध्यें या नळ्या कच्च्या प्लास्टिकच्या निघाल्या आणि त्यांचे पांढरे तुकडे लोकांच्या नळांच्या जाळ्यांत सांपडूं लागले होते.

आतां करूं नये त्या गोष्टींकडे वळावें. त्यांत जिवाचा प्रश्न आहे. मिश्रण-झडप वर फिरविण्याचा मोह सर्वांत मोठा. दोष बॉयलरांत असतां झडप पूर्ण उघडून ठेवली, आणि सोमवारीं कारागिरानें बॉयलर दुरुस्त केला, तर मंगळवारीं सकाळीं त्याच नळांतून ७० अंशांचें पाणी येईल. अमेरिकन संशोधक मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनीं १९४७त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलें कीं, ४९ अंशांचें पाणी प्रौढ माणसाची कातडी भाजावयास कित्येक मिनिटें घेतें. ६० अंशांचें पाणी तेंच काम सुमारें ५ सेकंदांत करतें. मुलाची कातडी आणखी पातळ. आणि वृद्धांस चटका उशिरां जाणवतो. दीड वर्षाची मुलगी नळाशीं खेळत असतां पांच सेकंद म्हणजे काय, हें आईबापांस सांगावें लागत नाहीं. म्हणून झडपेस हात लावलाच असेल तर दुरुस्तीच्या दिवशीं ती परत ४९ अंशांवर आणून तापमापकानें पाहिल्याशिवाय कोणासही स्नानास पाठवूं नये.

याच्या उलट चूकही होते. निराळी टांकी असलेल्या घरीं तेल वांचविण्यासाठीं टांकीच कोमट ठेवतात. सुमारें २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यांत लेजिओनेला नांवाचे जंतु वाढतात. १९७६त फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांच्या संमेलनास आलेले अनेक लोक एका अनोळखी न्यूमोनियानें दगावले, आणि त्यावरूनच या जंतूंचा शोध लागून त्यांस हें नांव मिळालें. फवाऱ्याच्या बारीक तुषारांबरोबर ते फुप्फुसांत जातात. टांकी ६० अंशांवर ठेवावी आणि नळाकडे जातांना झडपेनें विसण घालावें, हाच सुरक्षित मार्ग.

आणि तें तांबडें बटण. बर्नर स्वतः थांबला असेल तर तें एकदां दाबून पाहावें, एकदांच. ज्योत न लागतां पुनःपुन्हां दाबलें तर प्रत्येक वेळीं थोडें तेल भट्टींत फवारलें जाऊन तेथें सांचतें, आणि मग ठिणगी लागली कीं सर्व एकदम भडकतें. धुराड्याची नळी निखळते, काजळी घरभर उडते, आणि क्वचित् आगही लागते. तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल, घरांत डोकीं दुखूं लागलीं असतील, अथवा कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र वाजलें असेल, तर पाण्याचा विचार सोडून मुलांबाळांसह बाहेर पडावें आणि बाहेरून अग्निशामक दलास फोन करावा. त्या विषारी वायूस वास नसतो.

सोमवारीं कारागीर आला. बाबांची वही मराठींत होती. मुलानें आंकडे वाचून दाखविले. त्यानें पेटी उघडली तेव्हां खालचा आंकडा १२० अंश फॅरनहाइटवर लावलेला आढळला. पूर्वींच्या मालकानें तेलाची काटकसर म्हणून तो उतरविला असावा, आणि दोन-तीन माणसांच्या घरांत तें कधीं जाणवलें नव्हतें. कारागिरानें तो १६०वर नेला, वार्षिक साफसफाई राहिली होती म्हणून नॉझल आणि तेलाची गाळणी बदलली, आणि बॉयलरच्या पोटांतील काजळी खरवडली. वेटोळें त्यानें तपासलें व तसेंच ठेवलें. मुलानें घर तापण्याची वेळ साडेसहाची साडेपांच केली. झडपेस कोणी हात लावला नव्हता. तरी पाणी मोजून पाहिलें, तें ४८ अंश भरलें.

बुधवारीं सकाळीं सातच्या नोंदीस वहींत ४७चा आंकडा आहे. दोन स्नानें एकाच वेळीं होऊं लागलीं तर तो अद्यापि चाळीशीपर्यंत उतरतो. त्यास इलाज नाहीं, कारण तितकी मोठी नॉझल त्या बॉयलरास सोसत नाहीं. तेव्हां आईंनीं सर्वांचे स्नानाचे पाळे लावून दिले आहेत. जिन्याच्या तोंडाशीं तांबड्या पट्टीवर एक चिठ्ठी चिकटविलेली आहे, तिच्यावर त्यांच्याच अक्षरांत लिहिलें आहे, "हा दिवा नव्हे."